युद्धाचे नियम सगळेच मोडतात, मग ते आहेत कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीडशे वर्षं युद्धाचे नियम लिहिले जातायत, तरी बातम्यांत रोज पडलेली रुग्णालयं आणि शाळा दिसतात, बलवानाला कुणी हात लावत नाही, मग हा इतिहास वाचायचा कशाला, आणि ड्रोनच्या जमान्यात १९४९ च्या जिनिव्हा करारांना काय अर्थ उरलाय? शिवाय शेवटी तुम्ही एक टोलाही मारलाय, की हा सगळा जिंकणाऱ्यांचा कायदा आहे.

मी बरीच वर्षं सैन्यातल्या अधिकाऱ्यांना कायदेशीर सल्ला दिला आणि नंतर हाच विषय शिकवला. उत्तर त्या खुर्चीतून देतोय. न्यायाधीश किंवा मदतकार्यात राबणारा डॉक्टर कदाचित वेगळं सांगेल. आणि 'नियम पाळले जातात का' याला एकच उत्तर नाही. कोण कोणाशी लढतंय, नियमित सैन्य आहे की सशस्त्र टोळी, समोरच्याच्या ताब्यात आपले कैदी आहेत का, वरून आलेला हुकूम कसा आहे, यावर ते ठरतं. सगळ्या युद्धांना एकाच मापाने मोजलं तर हाती काहीच लागत नाही.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. तुम्ही धरून चाललाय की हे नियम युद्ध दयाळू करण्यासाठी केले गेले आणि त्यात ते नापास झाले. पण हा कायदा संतमहात्म्यांनी लिहिलेला नाही. तो लढणाऱ्यांनीच लिहिलाय, आणि आपल्याला लढता येईल एवढी जागा राखून लिहिलाय. त्याच्या प्रत्येक कलमात एका बाजूला लष्करी गरज आणि दुसऱ्या बाजूला माणुसकी, अशी घासाघीस झालेली दिसते. ती कशी झाली हे कळलं की तो आज कुठे टिकतो, कुठे तुटतो आणि कुठे न तुटताही माणसं मरतात, हे बऱ्यापैकी आधीच सांगता येतं. इतिहास वाचायचा तो यासाठी.

त्याआधी एक घोळ मिटवू. युद्ध पुकारणं रास्त होतं का, हा एक कायदा. तो आज मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेत आहे. युद्ध सुरू झाल्यावर कसं लढायचं, हा दुसरा. दोन्ही मुद्दाम वेगळे ठेवलेत. आक्रमण करणाऱ्या देशाच्या सैनिकालाही कैदी म्हणून तेच हक्क मिळतात आणि बचाव करणाऱ्यालाही नागरिकांवर बॉम्ब टाकायची मुभा नाही. लोकांना हे पटत नाही. पण जगातला प्रत्येक देश स्वतःला न्याय्य बाजूचाच समजतो. न्याय्य बाजूला जास्त मोकळीक दिली, तर ती दोन्ही बाजू घेतील आणि नियमच उरणार नाही.

आता इतिहास. जुन्या काळावर फार वेळ घालवत नाही, कारण तिथे नियम होते पण ते 'आपल्यांपुरते' होते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात लपवलेली, काटेरी, विषारी आणि पेटवलेली शस्त्रं वापरू नयेत असं आहे. हात जोडलेल्याला, झोपलेल्याला, निःशस्त्राला, नुसतं बघत उभ्या असलेल्याला मारू नये असंही आहे. महाभारतात लढाईआधी दोन्ही पक्ष नियम ठरवतात आणि अठराव्या रात्री अश्वत्थामा झोपलेल्यांची कत्तल करतो. पहिले खलिफा अबू बक्र यांच्या नावावर असलेल्या सूचनांत स्त्रिया, मुलं, म्हातारे आणि मठातले साधू यांना हात लावू नका, फळझाडं तोडू नका असं येतं. ११३९ मध्ये रोमला लॅटरनच्या ख्रिस्ती धर्मसभेने आडव्या धनुष्यावर (क्रॉसबोवर) बंदी घातली, पण ती ख्रिस्ती माणसाविरुद्ध वापरण्यावर. म्हणजे कल्पना सगळीकडे होत्या. दोन परक्या सैन्यांना सारखाच बांधणारा लेखी करार मात्र कुठेच नव्हता.

तो प्रकार १८६० च्या दशकात, आणि जवळजवळ एकाच वेळी दोन ठिकाणी सुरू झाला. ती दोन माणसं एकमेकांहून इतकी वेगळी आहेत की मला नेहमी गंमत वाटते.

पहिला फ्रान्सिस लीबर. मूळचा प्रशियन, पोरवयात नेपोलियनविरुद्धच्या १८१५ च्या मोहिमेत बेल्जियममधल्या नामूरला गंभीर जखमी झालेला, पुढे अमेरिकेत प्राध्यापक. अमेरिकेतल्या यादवीत त्याची मुलं दोन्ही बाजूंनी लढली. एक दक्षिणेकडून मेला, एकाने उत्तरेकडून लढताना हात गमावला. त्याने लिहिलेली १५७ कलमांची संहिता लिंकनच्या सरकारने २४ एप्रिल १८६३ ला सैन्याला हुकूम म्हणून दिली. कैद्यांना यातना देऊ नका, विष वापरू नका, सूडापोटी जीव घेऊ नका, हे तिच्यात आहे. पण त्याच संहितेत शत्रूला, मग तो सशस्त्र असो वा नसो, उपाशी ठेवणं कायदेशीर मानलंय, आणि युद्ध जितकं जोराने लढाल तितकं ते लवकर संपेल व मानवजातीचं भलं होईल, असंही स्पष्ट म्हटलंय. लीबर दयाळू नव्हता असं नाही. त्याने युद्ध आतून पाहिलं होतं आणि जो नियम सेनापती पाळणारच नाही तो लिहून उपयोग नाही, हे त्याला माहीत होतं.

दुसरा हेन्री ड्यूनंट, जिनिव्हाचा व्यापारी. २४ जून १८५९ च्या, इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी पाण्यावाचून पडलेले त्याने पाहिले, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्यातून पुढे रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली. २२ ऑगस्ट १८६४ चा पहिला जिनिव्हा करार अवघा दहा कलमांचा आहे आणि त्यात युद्ध वाईट आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. जखमी कोणत्याही बाजूचा असो त्याला उचला, आणि उचलणाऱ्यावर, त्याच्या गाडीवर, रुग्णालयावर गोळी झाडू नका, एवढंच. बारा राज्यांनी लगेच सह्या केल्या. करणारच. जखमी सैनिक लढाईतून आधीच बाद झालेला असतो, त्याला वाचवून कुणाचं लष्करी नुकसान होत नाही, आणि उद्या आपलाही जखमी तिकडे पडलेला असणार. घासाघीस सोपी होती, म्हणून नियम पटकन झाला आणि तुलनेने टिकला.

घासाघीस अगदी जवळून पाहायची असेल तर १८६८ ची सेंट पीटर्सबर्गची घोषणा बघा. रशियाने एक गोळी बनवली होती. सुरुवातीची गोळी दारूगोळ्याच्या गाड्या उडवण्यासाठी होती, टणक पृष्ठभागावर आपटली की फुटायची. सुधारित गोळी मऊ वस्तूवरही फुटू लागली, म्हणजे माणसाच्या शरीरात. रशियानेच इतरांना बोलावून तिच्यावर बंदीचा प्रस्ताव मांडला. कारण असं दिलं की युद्धाचा एकमेव रास्त हेतू शत्रूचं सैन्य दुबळं करणं हा आहे. माणूस लढाईबाहेर गेला की काम झालं, त्याच्या वेदना वाढवून मिळत काहीच नाही. तत्त्व सुरेख आहे. आता बंदीचा मजकूर बघा: ४०० ग्रॅमपेक्षा हलकी स्फोटक अस्त्रं. चारशेच का? कारण त्याच्या वर तोफगोळे सुरू होतात, आणि तोफगोळे कुणालाच सोडायचे नव्हते. फुटणारी गोळी गेली, फुटणारा गोळा राहिला. पहिल्या तासाला वर्गात मी हीच घोषणा वाचायला देत असे. ती नीट समजली की बाकीचा कायदा त्याच वळणाने जातो हे दिसायला लागतं.

युद्धाचे नियम ठरवायला १८९९ आणि १९०७ मध्ये देशांच्या हेग परिषदा भरल्या, त्यांत बरंच काही झालं. मी दोनच गोष्टी उचलतो. एक, फुग्यांतून स्फोटकं टाकायला १८९९ मध्ये फक्त पाच वर्षांची बंदी घातली गेली, कारण विमानाचं काय होणार ते कुणाला माहीत नव्हतं आणि कुणालाच दार कायमचं बंद करायचं नव्हतं. हवाई युद्धाच्या नियमांचा १९२३ चा मसुदाही कराराच्या रूपात कधी आला नाही. दुसऱ्या महायुद्धात शहरंच्या शहरं जळाली, तेव्हा त्याबद्दल स्पष्ट लेखी नियम नव्हता, आणि युद्धानंतर न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर खटला चालला, तिथे बॉम्बफेकीचा खटलाही उभा राहिला नाही.

दुसरी गोष्ट मार्टेन्स कलम. व्यापलेल्या मुलखातला सामान्य माणूस शत्रूविरुद्ध शस्त्र उचलू शकतो का, यावर परिषद अडली. बेल्जियमसारखे छोटे देश हो म्हणत होते, मोठी सैन्यं असलेले नाही. तोडगा निघेना, तेव्हा रशियाचे प्रतिनिधी मार्टेन्स यांनी एक वाक्य पुढे केलं: करारात नसलेल्या प्रसंगीही लोक आणि सैनिक सुसंस्कृत राष्ट्रांचा परिपाठ, माणुसकीचे नियम आणि लोकांची सदसद्विवेकबुद्धी यांच्या संरक्षणाखाली राहतील. भांडण मिटवायला केलेली शब्दांची मलमपट्टी होती ती. पण आज स्वतःच लक्ष्य निवडणाऱ्या यंत्रांवर चर्चा होते, तेव्हा दोन्ही बाजू याच वाक्याचा आधार घेतात. कायद्यात असं होतं.

मग दोन महायुद्धं. इथेच तुमच्यासारखे बहुतेक वाचक हा कायदा मेला असं समजतात, म्हणून इथे जरा थांबतो. विषारी वायूचं उदाहरण घ्या. हेगला बंदी होती, तरी २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनीने क्लोरीन सोडला आणि मग सगळ्यांनीच वायू वापरला. १९२५ मध्ये पुन्हा करार झाला. दुसऱ्या महायुद्धात जपानने चीनमध्ये वायू वापरला, पण युरोपच्या रणांगणावर, दोन्ही बाजूंकडे भरपूर साठा असूनही, तो पहिल्यासारखा वापरला गेला नाही. कराराच्या आदरामुळे? थोडं तसं असेल. मुख्यतः समोरचाही वापरेल या भीतीमुळे. चीनकडे उलट मारा करायची ताकद नव्हती.

कैद्यांचंही तेच, आणि ते आणखी भीषण. जर्मनीच्या ताब्यातले ब्रिटिश आणि अमेरिकन कैदी बहुसंख्येने जिवंत घरी गेले. सोव्हिएत कैदी सुमारे ५७ लाख होते आणि त्यातले साधारण ३३ लाख मेले. सैन्य तेच, छावण्या चालवणारं सरकारही तेच. सोव्हिएत संघ १९२९ च्या युद्धकैद्यांच्या करारात नव्हता, ही पळवाट जर्मनीने पकडली. १५ सप्टेंबर १९४१ ला जर्मन लष्करी गुप्तचर खात्याचा प्रमुख कानारिस याने लेखी हरकत घेतली: करार लागू नसला तरी अठराव्या शतकापासून रूढ झालेला नियम असा आहे की कैद ही शिक्षा नाही आणि सूडही नाही, माणसाला पुन्हा लढू न देणं एवढाच तिचा हेतू. फील्ड मार्शल कायटेलने त्यावर शेरा मारला की ही हरकत शूरवीरांच्या युद्धाच्या कल्पनेतून आली आहे. इथे एक विचारसरणी नष्ट करायची आहे, म्हणून या उपायांना माझी मंजुरी आहे. न्यूरेंबर्गच्या निकालपत्रात हा शेरा उद्धृत केलाय. कायटेलला फाशी झाली.

सल्लागाराच्या कामाबद्दल याहून बोलका कागद माझ्या माहितीत नाही. कानारिसची हरकत कायद्याने बिनचूक होती आणि तिने त्या दिवशी एकही कैदी वाचवला नाही. वरिष्ठांनी हा शत्रू माणूसच नाही असं एकदा ठरवलं की कुठलंच कलम आडवं येत नाही. पण तो कागद उरला, आणि आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय कायटेलला राहिली नाही.

१२ ऑगस्ट १९४९ चे चार जिनिव्हा करार याच अनुभवातून आले. समोरचा पक्ष करारात असो वा नसो, आपली जबाबदारी उरतेच, या दिशेने ते सरकले. नागरिकांसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र करार झाला. आज जगातल्या सगळ्या देशांनी ते मान्य केलेत. चौघांतही सामाईक असलेलं कलम ३ देशांतर्गत संघर्षालाही लागू होतं आणि बंडखोरांनाही बांधतं. हल्ला नेमका कसा करायचा, हे मात्र या करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलमध्ये (पूरक करारात) आलं. अमेरिका, इस्राएल, भारत, पाकिस्तान त्याचे सदस्य नाहीत, पण त्यातले मूळ नियम रूढ कायदा, म्हणजे सही नसली तरी देशांच्या वहिवाटीतून पक्का झालेला कायदा, म्हणून सर्वांवर बंधनकारक मानले जातात.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: जे नियम दोन्ही बाजूंना परवडतात आणि ज्यांची परतफेड लगेच होऊ शकते ते टिकतात, जिथे एका बाजूकडे परतफेडीची ताकद नसते किंवा शत्रूला माणसातून वजा केलेलं असतं तिथे ते तुटतात.

आता आजचं. वर्गात मी एक नकाशा लावत असे. नदीवर पूल, पुलावरून शत्रूचा दारूगोळा जातो, एका टोकाला वस्ती आणि बाजार. पाडायचा का? अर्धा वर्ग म्हणायचा, हो, लष्करी लक्ष्य आहे. उरलेले म्हणायचे, नाही, बाजार आहे. दोघांचीही घाई व्हायची. मी विचारायचो: दारूगोळा कधी जातो? रात्री. बाजार कधी भरतो? सकाळी. मग पहाटे तीनला मारा केला तर? वस्तीपासून लांबचा खांब पाडून काम भागतं का? लहान बॉम्ब पुरेल का? वर चार किलोमीटरवर दुसरी अशी जागा आहे का, जिथे रस्ता तोडला तरी तेवढाच फायदा होईल? लोकांना इशारा देता येईल का, की इशारा दिला तर शत्रू त्या रात्री ट्रकच पाठवणार नाही? आणि हे सगळं करूनही काही नागरिक मरणार असतील, तर अपेक्षित ठोस लष्करी फायद्याच्या मानाने ते नुकसान बेसुमार आहे का?

हे प्रश्न मी मनाने काढलेले नाहीत, ते प्रोटोकॉलच्या कलम ५१ आणि ५७ मध्येच आहेत. त्यातला एकही प्रश्न पूल पाडू नका असं म्हणत नाही. शेवटच्या प्रश्नाला तर आकडाच नाही. इतक्या सैनिकांमागे इतके नागरिक चालतील असं कोष्टक कायद्यात कुठेही सापडणार नाही. नागरिक मेले म्हणजे गुन्हा झाला असं होत नाही, आणि लक्ष्य लष्करी होतं म्हणून सगळं माफ, असंही होत नाही. लोकांना हे ऐकून धक्का बसतो. मला विचाराल तर या कायद्याचं मोठं दुखणं तो मोडला जातो हे नाहीच. न मोडताही तो बरंच काही करू देतो, हे आहे.

त्यात आणखी एक गोष्ट. सेनापतीला त्या क्षणी जी माहिती होती त्यावरून त्याला जोखायचं, नंतर जे कळलं त्यावरून नाही. १९४४ मध्ये नॉर्वेच्या उत्तर टोकाला जर्मन सेनापती रेंडुलिकने माघार घेताना फिनमार्क प्रांत जाळून उद्ध्वस्त केला. रशियन सैन्य पाठलागावर आहे असं त्याला वाटत होतं. तसा पाठलाग प्रत्यक्षात झालाच नाही. खटल्यात न्यायालय म्हणालं, निर्णय चुकला असेल, पण त्याला उपलब्ध माहितीवर तो प्रामाणिक होता. या आरोपातून त्याला मुक्त केलं. घरं जळालेल्यांना हा न्याय वाटला नसणार. पण उलट टोकही बघा. २०११ मध्ये युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने क्रोएशियन जनरल गोतोविनाला २४ वर्षं सुनावली, त्यात एक आधार असा की लष्करी लक्ष्यापासून २०० मीटरच्या पलीकडे पडलेला तोफगोळा म्हणजे बेछूट मारा. हे दोनशे मीटर आले कुठून, असं जगभरचे तोफखान्याचे लोक विचारू लागले. २०१२ मध्ये अपिलात ते माप टिकलं नाही आणि तीन विरुद्ध दोन मतांनी तो सुटला. कायदा किती सैल ठेवायचा आणि किती आवळायचा, याचं उत्तर आजही त्या तीन-दोनच्या आसपासच आहे.

मग तो मोडतो कसा? खूप वेळा कुणी क्रूरपणे ठरवून मोडत नाही, तो आळसाने आणि घाईने मोडतो. ३ ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे अफगाणिस्तानात कुंदूझला अमेरिकी विमानाने डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या वैद्यकीय मदतसंस्थेच्या रुग्णालयावर मारा केला; ४२ माणसं गेली. रुग्णालयाचा ठावठिकाणा संस्थेने आधीच कळवलेला होता. लक्ष्य दुसरीच इमारत होती, काही शे मीटरवर. विमान धोक्याच्या शंकेने बाजूला सरकलं, तिथून यंत्रणेतले आकडे मोकळ्या मैदानाकडे बोट दाखवू लागले, तेव्हा चालकदलाने तोंडी वर्णनाशी जुळणारी मोठी इमारत शोधली. ती रुग्णालयाची निघाली. मारा चालू असताना संस्थेचे फोन जात होते. चौकशीनंतर सोळा जणांवर खात्यांतर्गत कारवाई झाली, फौजदारी खटला कुणावरच नाही, कारण हेतू नव्हता असं ठरलं. संस्थेने स्वतंत्र चौकशी मागितली, ती झाली नाही. लक्ष्याची खातरजमा करा आणि शंका आली तर मारा थांबवा, हे दोन्ही नियम कागदावर होते. त्यांची अंमलबजावणी करणारी साखळी त्या रात्री कडीकडीने सुटली. नियमभंग आणि गुन्हा यांच्यात जी दरी आहे, तिच्यात अशी बरीच प्रकरणं पडतात.

ठरवून मोडणारेही आहेतच. सशस्त्र गट नागरी वस्तीतून लढतात. तो नियमभंग आहे, पण त्यामुळे समोरच्याची सावधगिरीची जबाबदारी संपत नाही, हे प्रोटोकॉलमध्ये स्वच्छ लिहिलंय. 'त्यांनी मोडला म्हणून आम्ही' हा युक्तिवादही चालत नाही. करारांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना करारात माणसांच्या संरक्षणाच्या तरतुदी त्यातून मुद्दाम वगळल्यात. मात्र बंडखोराच्या बाजूने विचार केला तर कायदा त्याला देतो फार थोडं. त्याने सगळे नियम पाळले तरी पकडल्यावर देशद्रोहाचा खटला चालू शकतोच. पाळून फायदा नाही, मोडून तोटा नाही, अशा जागी नियम लंगडा पडणारच.

ड्रोनचं विचारलंत. ड्रोनसाठी वेगळा कायदा लागत नाही. कोणाला मारतोय, खातरजमा केली का, नुकसान बेसुमार आहे का, हे प्रश्न तेच राहतात. उलट तासन्‌तास वर घिरट्या घालणाऱ्या कॅमेऱ्यामुळे 'दिसलं नाही' म्हणायची सोय कमी होते. अवघड आहे ते स्वतः लक्ष्य निवडणारं यंत्र, कारण 'बेसुमार' हा निर्णय मोजमापाचा नसून तारतम्याचा आहे, आणि चुकल्यावर जाब कोणाला विचारायचा ते ठरलेलं नाही. कायदा नेहमी मागूनच येतो असंही नाही. माणसाला कायमचं आंधळं करणारी लेझर शस्त्रं १९९५ मध्ये रणांगणावर येण्याआधीच बंद झाली. पण पाऊल मागेही पडतं: २०२५ मध्ये फिनलंड, पोलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनी भूसुरुंगबंदीच्या १९९७ च्या करारातून बाहेर पडायचं ठरवलं. रशिया शेजारी आहे आणि तो या करारात नाही, हे त्यांचं कारण. १८६८ ची घासाघीस संपलेली नाही.

राहिला जिंकणाऱ्यांच्या कायद्याचा टोला. त्यात तथ्य आहे. न्यूरेंबर्गला जर्मन नौदलप्रमुख ड्योनिट्झवर पाणबुड्यांनी इशारा न देता जहाजं बुडवल्याचा आरोप होता. त्याच्या वकिलाने अमेरिकेचा अॅडमिरल निमिट्झ याची लेखी साक्ष मागवली, आणि निमिट्झने सांगितलं की पॅसिफिकमध्ये आम्हीही पहिल्या दिवसापासून तसंच लढलो. न्यायालयाने मग त्या नियमभंगाचा भार शिक्षेत धरला नाही. ड्योनिट्झला इतर आरोपांवर दहा वर्षं झाली. जिंकणाऱ्यांचं न्यायालय होतंच ते, पण तिथेही नियमाने जिंकणाऱ्याला पेचात पकडलं. आज आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे सव्वाशेच्या आसपास सदस्य आहेत. अमेरिका, रशिया, चीन, भारत त्यात नाहीत. २०२३ मध्ये पुतिन आणि २०२४ मध्ये नेतान्याहू यांच्यावर वॉरंट निघालं. न्यायालयाकडे पोलीस नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन सदस्य देश असलेल्या मंगोलियात जाऊन आले, कुणी अटक केली नाही. न्यायालयाच्या भरवशावर हा कायदा उभा असता तर तो कधीच कोसळला असता. तो मुख्यतः सैन्याच्या आतल्या शिस्तीवर चालतो. १६ मार्च १९६८ ला व्हिएतनाममध्ये माय लाय गावी काहीशे गावकऱ्यांची कत्तल चालू असताना ह्यू थॉम्पसन या अमेरिकी वैमानिकाने आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मध्ये उतरवलं आणि काही जणांना बाहेर काढलं. त्याला मायदेशी शिव्या खाव्या लागल्या. पदक मिळायला तीस वर्षं गेली.

तेव्हा पुढच्या वेळी रुग्णालयावर हल्ल्याची बातमी वाचाल तेव्हा 'कायदा संपला' असं म्हणण्याआधी एवढं शोधा. तिथून लष्करी कारवाई चालते असा दावा असेल, तर नेमकी कोणती? जखमी सैनिक तिथे उपचार घेत होते, किंवा त्यांच्याकडून काढून घेतलेल्या बंदुका तिथे होत्या, एवढ्याने संरक्षण जात नाही. चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम १९ मध्ये हे शब्दशः आहे. दावा खरा असला तरी आधी इशारा दिला होता का, आणि रुग्ण हलवायला पुरेसा वेळ दिला होता का? याची उत्तरं लष्करी प्रवक्त्याच्या पहिल्या निवेदनात सहसा नसतात. ती मिळेपर्यंत बातमी अर्धीच आहे असं मी धरतो.